एका नकाशाचे परीक्षण

संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे एखाद्या नव्या कादंबरीचे परीक्षण मागितले होते. मी त्यांना कळवले की, गेले वर्षभर ज्या कृतीत माझे मन गुंतले आहे ती कादंबरी नाही, कवितासंग्रह नाही, आणि तिच्यावर कर्त्याचे नावही नाही. तिचे परीक्षण चालत असेल तर लिहितो. ‘लिहा’ असे उत्तर आले. तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून अंक हाती घेतलेल्या वाचकांनी रागावू नये. मी लिहिणार आहे ते भारतीय सर्वेक्षण खात्याने काढलेल्या मेळघाटच्या नकाशाविषयी.

हा नकाशा मला मिळाला तो एका रद्दीवाल्याकडे. घरातली वर्तमानपत्रे विकायला गेलो होतो. त्याच्या तराजूशेजारी कापडी पाठीची, घड्या पडलेली चार पाने दिसली. कोण्या कचेरीचे कपाट रिकामे झाले असावे. किलोच्या भावात ती मी घेऊन आलो आणि जठारपेठेतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अंथरली. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या मापाची ती पाने एकमेकांना जोडली की मीटरभर लांबरुंद मेळघाट होतो. मुलांनी तीन दिवस स्वयंपाकघरात अभ्यास केला. चौथ्या दिवशी सौभाग्यवती म्हणाली, “तुमचे डोंगर उचला, मला केर काढायचा आहे.”

पानांच्या कोपऱ्यात ‘५५ जी’ असा क्रमांक आहे. साऱ्या देशाचे चार-चार अंशांचे चौकोन पाडले आहेत, त्यांतला पंचावन्नावा आपला. त्याचे एकेका अंशाचे सोळा तुकडे केले की ७७ ते ७८ रेखांश आणि २१ ते २२ अक्षांश यांमधला तुकडा ‘जी’ होतो, आणि त्याचे पुन्हा सोळा तुकडे म्हणजे ही पाने. ही विभागणी इतकी कोरडी आहे की चिखलदरा कोठे आहे हे ठाऊक नसलेला माणूसही ते कोणत्या पानावर सापडेल हे गणित करून सांगू शकेल. वाङ्मयाशी एवढे वैर असलेली सुरुवात मी दुसऱ्या कोणत्या ग्रंथाची पाहिली नाही.

पण आत शिरल्यावर मत बदलते. दहावीपलीकडे पदवी नसलेल्या माझ्यासारख्या मास्तराने शैलीविषयी बोलावे का, हा प्रश्न आहेच. तरी कादंबऱ्या लिहून एवढे कळले आहे की मोठा लेखक वस्तूचे वर्णन करीत नाही, तिची मापे देतो आणि वस्तू वाचकाच्या मनात उभी राहते. या नकाशात डोंगर काढलेला नाही. समोच्चतेच्या तपकिरी रेषा आहेत. दोन रेषांमध्ये वीस मीटरांची चढण. अकोल्याहून निघून गांधीग्रामपाशी पूर्णा ओलांडली आणि अकोट मागे टाकले की उत्तरेला एक निळी भिंत दिसू लागते. नकाशात त्या भिंतीच्या जागी रेषा एकमेकींत शिरतात की काय असे वाटावे इतक्या दाटल्या आहेत. बोट ठेवले तर बोटाखाली दहा-पंधरा रेषा जातात. हेच बोट उत्तरेकडे तापीच्या दिशेने सरकवीत नेले की रेषा सैल होतात, वळणे घेतात, सिपना आणि खापरा या नद्यांच्या काठाने आत-आत शिरतात. गाविलगडची दक्षिणेची कडा कशी तुटलेली आहे आणि उत्तरेचा उतार कसा पायरीपायरीने उतरतो, हे मी स्वतः तीनदा त्या वाटेने गेलो असूनही मला समजले नव्हते. ते या रेषांनी समजावले. धूळघाटाजवळ जुनी मीटरगेज लोहमार्गाची रेघ स्वतःलाच ओलांडून जाते. चढ चढण्यासाठी गाडीला घातलेले ते वळण. त्या मार्गावरून मी लहानपणी खिडकीला नाक लावून गेलो आहे. आता तेथे गाडी जात नाही.

या कृतीचे दुसरे वैशिष्ट्य तिचा ऋतू. मेळघाटात चार महिने पाऊस कोसळतो, हे वऱ्हाडातल्या पोराला ठाऊक असते. नकाशात पाऊस नाही. मोजणीच्या तुकड्या रानात जात त्या पावसाळा सरल्यावर आणि परत येत उन्हाळा तापण्याच्या सुमारास. मग पावसाळाभर कचेरीत बसून रेखन करीत. त्यामुळे या ग्रंथात बारमाही पाणी तेवढे निळे आहे. बाकीचे नाले काळ्या शाईने काढले आहेत. आमच्या चार पानांत निळे थोडे आणि काळे फार. आषाढात ज्याच्या काठी उभे राहायची छाती होत नाही असा नाला येथे काळ्या केसासारखा निपचित पडलेला आहे. मी हा दोष म्हणत नाही. प्रत्येक लेखकाचा एक ऋतू असतो. मात्र वाचकाने तो ओळखून वाचावे.

ज्या सांगाड्यावर असल्या नकाशांचे मांस चढले तो सांगाडा वऱ्हाडातूनच गेला, हे आपल्याकडे फारसे कोणी मुलांना सांगत नाही. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्टन याने जमिनीवर साखळीने एक रेघ मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत तो उत्तरेकडे निघाला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना तो आपटला आणि लॅम्टनने तो स्वतः खोलून दुरुस्त केला, ही हकीकत प्रसिद्ध आहे. वीस वर्षांनी हे काम आपल्या मुलखात पोचले. नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तेथेच आहे. पुढे सूत्रे जॉर्ज एव्हरेस्टच्या हाती आली. त्याने सातपुडा ओलांडून मध्य भारतात सिरोंजपर्यंत आणि पुढे डेहराडूनपर्यंत ती साखळी नेली.

एव्हरेस्टने १८३० साली आपल्या कामाचा जो ग्रंथ काढला, त्यात आपल्या भागातले एक खेडे पुन्हा पुन्हा येते. अचलपूरच्या दक्षिणेला, २१ अंशांच्या थोडे वर. रोमन लिपीत त्याचे नाव ‘टाकल खेरा’ असे वाचावे लागते. लॅम्टनची साखळी या गावापाशी थांबली होती. येथे ताऱ्यांचे वेध घेतले, आणि येथेच एव्हरेस्टला शंका आली की आपला ओळंबा सरळ लोंबत नाही. गवंड्याच्या हातातला तोच ओळंबा. उत्तरेला उभा असलेला डोंगराचा प्रचंड ठोकळा त्याला आपल्याकडे किंचित ओढून घेत होता. ही ओढ डोळ्यांना दिसण्यासारखी नव्हे. पण ताऱ्याच्या उंचीवरून पृथ्वीचा आकार काढायचा तर तेवढीही चूक महाग. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी हाच प्रश्न मोठा होऊन उभा राहिला आणि त्यातून पर्वतांच्या मुळांविषयीचे नवे शास्त्र निघाले. आपल्या गाविलगडाने त्याची आधी चुणूक दाखवली होती.

आता हे खेडे कोणते? वऱ्हाडात टाकरखेडे काय थोडी आहेत! टाकरखेडा संभू आहे, टाकरखेडा मोरे आहे, टाकरखेडा पूर्णा आहे. ज्या गावाचे अक्षांश विकलेच्या अंशापर्यंत काढले, त्याचे नाव मात्र असे लिहिले की वऱ्हाडी माणसाला बसून तर्क करावा लागतो. येथे मला या साऱ्या परंपरेतला मुख्य दोष दिसतो. ओळंबा डोंगराने ओढला हे एव्हरेस्टने पकडले. नाव ऐकताना कान कोठे ओढला गेला, हे मोजण्याचे यंत्र कोणी बरोबर आणले नव्हते.

रोमन लिपीत ल आणि ळ एकच. आपले बाळापूर तिच्यात बालापूर होते. ते आपल्या अंगवळणी पडले आहे, कारण मूळ उच्चार आपल्या तोंडी शाबूत आहे. मेळघाटात तसे नाही. तेथे राहणारे कोरकू जी भाषा बोलतात ती मराठीची नव्हे, हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळातली, आणि त्या कुळाची अगदी पश्चिमेकडची. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे नुसती ‘माणसे’. अशा माणसाच्या तोंडून निघालेले नाव आधी मराठी वा हिंदी जाणणाऱ्याच्या कानात शिरणार, तेथून कागदावर, कागदावरून रोमन लिपीत आणि तिथून परत देवनागरीत आपल्या शाळेच्या फळ्यावर. वाटेत त्याचे काय होत असेल? चिखलदऱ्यात आपण कीचक शोधतो आणि वैराटात विराट राजा. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले ही कथा प्रत्येक सहलीत मी मुलांना सांगत आलो आहे. वैराट हे मेळघाटातले सर्वांत उंच ठिकाण, ११७८ मीटर. पण त्या पठारावर गुरे चारणाऱ्याला ते नाव काय वाटत होते, हे मी कधी विचारले नाही. मास्तर म्हणून ही माझी चूक.

याउलट एक जुना मराठी ग्रंथ पाहा. महानुभावांची ‘स्थानपोथी’ चौदाव्या शतकातली. आपल्याच मलकापूरकडच्या वि. भि. कोलते यांनी ती संपादून दिली. चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, फिरले, त्या जागांची ती यादी आहे. ऋद्धपूर आहे, अळजपूर म्हणजे आजचे अचलपूर आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेला, ओटा कोणत्या अंगाला, वाट कोठून आत येते, एवढेच ती सांगते. तीत माप नाही, रेखांश नाही. तरी पोथी हाती घेऊन माणूस त्या जागी जाऊन उभा राहू शकतो, कारण जागेचे नाव त्या जागी राहणाऱ्यांच्या उच्चारात उतरले आहे. अलीकडच्या काळात परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ लिहून पूर्णेच्या काठाचे असेच काम केले. नकाशाला मी हे उणे म्हणून दाखवतो, ते त्याने कादंबरी व्हावे म्हणून नव्हे. एवढी नाजूक रेषा काढणाऱ्या हाताला अक्षरही तितकेच नाजूक काढता आले असते, एवढेच माझे म्हणणे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून मला रॉबर्ट मार्शल याचे ‘आर्क्टिक वाइल्डरनेस’ हे पुस्तक पाठवले. शब्दकोश उशाशी घेऊन दोन उन्हाळ्यांत मी ते वाचून काढले. मार्शल हा अमेरिकेतला वनाधिकारी. १९२९ पासून १९३९ पर्यंत चार वेळा तो अलास्काच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे गेला. वाइजमन नावाच्या खेड्यात राहिला आणि कोयुकुक नदीच्या वरच्या अंगाचे ब्रूक्स पर्वतातले निर्मनुष्य खोरे पायी हिंडून त्याने त्याचा नकाशा काढला. अडतिसाव्या वर्षी तो वारला. हे पुस्तक भावाने १९५६ साली प्रसिद्ध केले. फार आनंदी पुस्तक आहे. पुरात तंबू वाहून जातो, बर्फात पाय रुततात, आणि हा गृहस्थ शिखरावर चढून पुढच्या दरीकडे पाहत पोरासारखा हरखतो. आपण उभे आहोत तेथे कोणी उभे राहिले नव्हते, हा त्याच्या सुखाचा गाभा. मग तो नावे देत सुटतो. ओढ्यांना, कड्यांना, शिखरांना. दोन पर्वत समोरासमोर उभे दिसले, त्यांना त्याने आर्क्टिकचे दरवाजे म्हटले. १९८० साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले ते त्याच नावाने. त्याची पुष्कळ नावे सरकारी नकाशात गेली.

मार्शल सज्जन होता. वाइजमनवर त्याने १९३३ साली जे पुस्तक लिहिले त्याच्या प्राप्तीचा वाटा त्याने गावकऱ्यांना दिला. एका शिखराला त्याने एस्किमोंच्या भाषेतल्या भुताचे नाव दिले, डूनेरॅक. म्हणून त्याच्यावर आरोप करणे मला जड जाते. पण ते पर्वत रिकामे होते ते त्या दहा-वीस वर्षांपुरते. नुनामिउट नावाचे एस्किमो रेनडिअरच्या जातीच्या हरणांमागे पिढ्यान् पिढ्या त्या पर्वतांत राहत आले होते. हरणे कमी झाली तेव्हा, विसाव्या शतकाच्या आरंभी, ते समुद्रकिनाऱ्याकडे उतरले. मार्शलच्या अखेरच्या फेऱ्यांच्या सुमारास त्यांतली काही कुटुंबे परत वर येऊ लागली होती. घरमालक गावाला गेलेला असताना पाहुणा आला, घर मोकळे पाहून हरखला आणि प्रत्येक खोलीला नाव देऊन गेला. इतके सुंदर पुस्तक वाचताना ही गोष्ट मधूनमधून दाढेत अडकलेल्या कणासारखी मला टोचत राहिली.

ती टोचली, कारण माझ्याच वर्गात एक मुलगा होता. वसतिगृहात राहून शिकणारा, मागच्या बाकावर बसणारा, कोरकू. नकाशावाचनाच्या तासाला मी ती कापडी पाने वर्गात नेली आणि मुलांना म्हटले, ओळखीचे गाव शोधा. बाकीची पोरे अकोट, नरनाळा, सेमाडोह असे ओरडत होती. हा उठून आला, बराच वेळ पाहत राहिला आणि एका लाल ठिपक्यांच्या पुंजक्यावर त्याने बोट ठेवले. “सर, हे आमचं गाव. पण हे आता नाही ना जी. आमी आता खाली राह्यतो.”

मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गेला. पुढे २००० नंतर प्रकल्पाच्या आतली गावे उठवून सपाटीवर आणण्यास सुरुवात झाली. बोरी, कोहा, कुंड ही आधी. त्यानंतर वैराट, चुर्णी, पस्तलाई आणि आणखी काही. पुष्कळांचे पुनर्वसन अकोट तालुक्यात झाले. या प्रकरणात एका बाजूचा झेंडा हाती घ्यावा असे मला वाटत नाही. जुन्या गावठाणांवर आता गवत माजले आहे, त्यावर हरणे येतात, हरणांमागे वाघ येतो. हे चांगलेच आहे. खाली शाळा जवळ आहे, दवाखाना जवळ आहे. खाली सारे सुखात आहेत असे नाही, आणि सारे दुःखात आहेत असेही नाही. माझा प्रश्न टीकाकाराचा आहे, आणि तो पानावरच्या लाल ठिपक्यांचा आहे. पुढची आवृत्ती निघेल तेव्हा त्यांचे काय होणार?

उन्हाळ्याच्या सुटीत मी त्या मुलाबरोबर त्याच्या नव्या वस्तीवर गेलो. पत्र्याचे घर, दाराशी बाज. बाजेवर मी एक पान पसरले आणि त्याच्या आजींना म्हटले, “आजी, मी वाचतो, तुम्ही ऐका.” मी नकाशातली नावे वाटेच्या क्रमाने वाचीत गेलो, नातू कोरकूत सांगत होता. चौथ्या नावापाशी त्यांनी हात वर केला. या दोन नावांच्या मधे आणखी तीन आहेत, म्हणाल्या. एक पाणी पिण्याची जागा, एक मोहाची झाडे, एक जेथून गावातली हाक ऐकू येते ती. त्यांना पान वाचता येत नव्हते. पण त्या डोळे मिटून ज्या वाटेने चालल्या तीत माझ्या पानापेक्षा दाट वस्ती होती. गावामागचा जो नाला नकाशात काळा आहे, त्यातल्या एका खड्ड्यात होळीपर्यंत पाणी टिके, असेही त्यांनी सांगितले. त्या दुपारी मी वहीत सोळा नावे उतरवून घेतली. घरी येऊन ताडून पाहिली. त्यांतली पाच नकाशात निघाली, तीही दोन ठिकाणी ओळखू न येण्यासारखी.

सर्वेक्षण खात्याच्या चिन्हांच्या यादीत वस्ती असलेल्या गावाचे चिन्ह वेगळे आणि ओसाड गावाचे वेगळे, हे मी पुनःपुन्हा पाहून खात्री करून घेतले. म्हणजे काही नवे शोधायला नको. जे चिन्ह त्यांच्या शब्दकोशात आहेच ते तेवढे वापरायचे, आणि नाव खोडायचे नाही. आपल्या वऱ्हाडाने हे कधीचे केले आहे. साथीने, दुष्काळाने, पेंढाऱ्यांच्या भयाने गावे उठली. त्यांना आपण रिठ म्हणतो, दप्तरात बेचिराग म्हणतात. तेथे दिवा लागत नाही, पण मौजाचे नाव चालू असते, आणि आज शेत विकताना सातबाऱ्यावर त्या रिठाचे नाव येते. तलाठ्याच्या दप्तराला शैली नाही असे आपण थट्टेने म्हणतो. या एका बाबतीत ते दप्तर अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटपेक्षा सरस ठरले आहे.

सर्वेक्षण खात्याने २०१७ पासून आपले नकाशे संकेतस्थळावर मोफत ठेवले, हा फार मोठा उपकार झाला. आमच्या शाळेतल्या मुलाला पान बघण्यासाठी आता रद्दीवाल्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून तर नावांचे अधिक वाटते. आता हे पान हजारो घरांत वाचले जाणार, आणि ज्या घरात ते वाचले जाईल तेथे मेळघाट म्हणजे त्यावर जे छापले आहे तेवढाच राहणार.

माझ्या चार पानांपैकी एक आता वर्गाच्या भिंतीवर आहे. त्या मुलाने आपल्या गावाच्या लाल ठिपक्यांभोवती पेन्सिलीने पोकळ चौकोन काढला आहे आणि आजींनी सांगितलेली नावे देवनागरीत बारीक अक्षरांत लिहिली आहेत. दोन नावांच्या जागेविषयी त्याची खात्री नाही. दिवाळीच्या सुटीत तो घरी गेला आहे. आजींना पुन्हा विचारून येणार आहे. जाताना मी त्याला बजावले आहे की ल कोठे आणि ळ कोठे, हे नीट ऐकून लिही.